न मागितलेलं

पास्टर जितेंद्रनी माइक हातात दिला तेव्हा तो चालूच होता. त्यामुळे हॉलभर आधी दिपमालाचा श्वास ऐकू गेला. समोर सतरंज्यांवर पन्नास-साठ माणसं बसली होती, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. पुरुषांत तिचा नवरा निंबा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. सकाळी निघताना त्याने तिला सांगितलं होतं, लांबवू नको. प्रभूने वृषालीला वाचवलं, एवढं म्हण आणि बस.

साक्री तालुक्यातलं गाव सोडून ती दोघं जळगावला आली, त्याला नऊ वर्षं झाली होती. तो पाइपच्या कारखान्यात, ती डाळ मिलमध्ये. मेहरूणमधल्या या पत्र्याच्या हॉलशिवाय त्यांना इथे कोणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी थोरली मयुरी डेंग्यूने आजारी पडली, तेव्हा याच मंडळीने उपास केले, डबे पोचवले, रक्तासाठी माणसं उभी केली. पाचव्या दिवशी मयुरी गेली. अकरा वर्षांची होती. मातीच्या वेळी पास्टर म्हणाले होते की देवाचं शहाणपण आपल्या डोक्यात मावत नाही, म्हणून त्याला जाब विचारू नये. दिपमालाने विचारला नाही. ती दर रविवारी आली, गाण्याच्या वेळी उभी राहिली, बसायच्या वेळी बसली.

या पावसाळ्यात धाकट्या वृषालीला तोच ताप आला. तेच हॉस्पिटल, तोच वॉर्ड. सहाव्या दिवशी पेशी वाढल्या, दहाव्या दिवशी ती चालत घरी आली. देवाने काय केलं ते तिने सर्वांसमोर सांगावं, या साक्षीची मंडळी वाट पाहत होती.

दिपमालाने माइक तोंडापासून थोडा लांब धरला.

"मयुरीसाठी ज्या शब्दांत मागितलं, त्याच शब्दांत वृषालीसाठी मागितलं," ती म्हणाली. "एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी काही वेगळं केलं नाही. मग साक्ष कशाची देऊ, मला कळत नाही."

तिने माइक परत दिला आणि जागेवर येऊन बसली. कोणी आमेन म्हटलं नाही. शेजारच्या मंजुळाबाई पदर नीट करत जरा पलीकडे सरकल्या. त्यांचा मुलगा विजेच्या खांबावरून पडून सहा वर्षं अंथरुणात होता. पास्टरांनी घाईने ढोलकीवाल्याकडे पाहिलं आणि गाणं सुरू झालं.

उपासना सुटली, तरी मुलांचा संडे स्कूलचा वर्ग चालू होता. वृषाली आत होती. दोघं बाहेर मोटारसायकलपाशी थांबली. माणसं चप्पल घालून जाताना निंबाकडे पाहून हसली, दिपमालाकडे पाहिलं नाही. आता हा चिडेल, अशी तिने तयारी ठेवली होती. या माणसांचे डबे खाल्ले, हे तो काढणार. त्यावर काय बोलायचं, तेही तिने जुळवून ठेवलं होतं.

निंबा आरशावरची धूळ अंगठ्याने पुसत राहिला. मग गावाकडच्या बोलीत, तिच्याकडे न पाहता म्हणाला,

"वृषालीसाठी मी मांगंच नही."

तिला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. हॉस्पिटलच्या जिन्याखाली तो तासन् तास डोळे मिटून बसायचा, ते तिने स्वतः पाहिलं होतं. त्या भरवशावर तर ती आत उभी राहू शकली होती.

"मंग काय सांगं त्याले?"

"तू शेस. तुले बठ्ठं समजस. इतलंच."

तू आहेस, तुला सगळं कळतं, देवाला एवढंच. दहा दिवस तिने एकेक शब्द जपून, चुकू न देता मागितलं होतं. आणि हा नुसता बसून होता.

मग तो हळूहळू बोलला. मयुरीच्या वेळी त्याने फार मागितलं होतं. या वेळीही मागितलं असतं आणि देवाने हिलाही नेलं असतं, तर पुन्हा कधी त्याच्या दारात पाऊल टाकलं नसतं. आणि मग मयुरी कोणाजवळ आहे म्हणायचं? म्हणून नाही मागितलं. पोरगी वाचेल म्हणून नाही, देव उरावा म्हणून.

दिपमालाने जुळवून ठेवलेलं सगळं तसंच राहिलं.

वर्ग सुटला. वृषालीच्या मागून पास्टरही बाहेर आले. दिपमालाला त्यांनी मान हलवून नमस्कार केला आणि निंबाच्या खांद्यावर हात ठेवला. ताई अजून दुःखात आहेत, ते म्हणाले, मंडळी समजून घेईल. पण पुढच्या रविवारी साक्ष तुम्ही द्या, भाऊ. लोकांचा विश्वास बळकट होईल.

निंबाने खाली पाहिलं. 

"ते नाही देणार," दिपमाला म्हणाली.

"अहो, पण ताई..."

"त्यांचं आणि देवाचं आहे ते. माइकवर नको."

पास्टर आत गेले. निंबाने गाडी सुरू केली. दिपमालाने वृषालीला मधे बसवलं आणि मागे बसून दोन्ही हात पुढे नेत नवऱ्याचा शर्ट मुठीत धरला.

"आई, सरक ना मागे," वृषाली म्हणाली. "चेपतेय मी."

गाडी तलावाच्या रस्त्याला लागली, तरी ती सरकली नाही.