फाळक्याशी अडलेला चंद्र्या

मी एक जुनी पिकअप आहे. जुनी म्हणजे रंग विटलेली, डाव्या दाराला पत्र्याचं ठिगळ लावलेली. पण मला कुणी म्हातारी म्हणालं, तर त्या दिवशी मी चालूच व्हायची नाही! मित्रांनो, माझं घर माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडच्या माळावर आहे. दुपारचा वारा पडला की लिंबाखाली मला डुलकी लागते आणि सगळं आयुष्य डोळ्यांपुढून हळूहळू जाऊ लागतं. तेच आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथं माणसं थोडी आणि लोखंडी हात फार. आपण कुणाचे, हे तिथं कुणी सांगत नाही. नाथाजीआबांनी मला दारात आणून हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, तेव्हा मला ते कळलं. आबा सैन्यात ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांची लेक संयोगिता माझ्यावरच गाडी शिकली. पहिल्याच दिवशी तिनं मला उकिरड्यात घातलं! पण पोरगी गुणाची, म्हणून मी लगेच परत चालू झाले.

मी काय काय वाहिलं म्हणून सांगू! कांदा, डाळिंबं, मेंढरं, एकदा तर अख्खं वऱ्हाड. पण माझा खरा लाडका चंद्र्या. तो खिलार बैल. त्याची आई दगावली तेव्हा संयोगितानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पुढं तो शर्यतीत पळू लागला. आमच्याकडे शर्यतीच्या बैलाला चालवत नेत नाहीत. पिकअपच्या हौद्यात उभा करून मैदानावर नेतात, म्हणजे त्याचे पाय ताजे राहतात. हौद्यात मातीचा थर घालायचा, त्यावर खाऊन उरलेल्या कडब्याचा मऊ चगळ पसरायचा, मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं दार, खाली पाडायचा की चंद्र्या डौलात वर चढायचा. माझे चाकांवरचे पाटे जरासे खाली बसायचे. ते ओझं मला फार आवडायचं.

पण वय कुणाला चुकलंय? घाटात मला धाप लागू लागली. एकदा तर चढाला मी थांबले ती थांबलेच. तेव्हा संयोगिताचा चुलतभाऊ धैर्यशील म्हणाला, "आक्का, हिचं डोकंच बदलू. सांगलीजवळ माधवनगरला अफताबभाई हाय. लॅपटॉप लावतो आन् गाडीचं इमान करून उडवतो!"

इंजिनाला किती डिझेल द्यायचं आणि कधी द्यायचं, हे ठरवणारी एक डबी माझ्या पोटात आहे. कंपनीनं तिला जे शिकवलेलं असतं ते पुसून नवं शिकवायचं, यालाच ट्युनिंग म्हणतात. धैर्यशील मला एकटाच घेऊन गेला. त्या दिवशी चंद्र्याला पत्र्या ठोकायला नालबंद येणार होता, म्हणून संयोगिता घरीच राहिली.

माधवनगरला एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून अफताबची शेड आहे. त्यानं वायर जोडता जोडता विचारलं, "मागं काय घालून नेता?"

"आज तर वाराच हाय!" धैर्यशील हसला. "तुमी फकस्त पळती करा. आन् धूर लय काळा पायजे."

"आवं, वजन कळल्याबिगर कसं..."

"लावा वो!"

मग मला गुंगी आली. स्वप्न पडलं, की मी पवनचक्क्यांच्या वरून चाललेय. पाठीवर काही नाही, खाली रस्ता नाही. जागी झाले आणि खरंच उडाले! धैर्यशील शिट्ट्या मारत होता, आणि खोटं कशाला बोलू, मीही हरखले होते.

पुढच्या मैदानाच्या सकाळी चंद्र्या चढला. संयोगितानं नेहमीसारखा हलकेच पाय दाबला आणि मी टुणकन उडी मारली. हौद्यात धाडकन आवाज झाला. चंद्र्या गुडघ्यावर पडला होता, फाळक्यावर आपटला होता. मित्रांनो, तो आवाज अजून माझ्या पत्र्यातून जात नाही.

त्याची जखम भरली, पण भीती गेली नाही. फाळका पाडला की तो चारी पाय रोवून उभा राहायचा. गूळ दाखवून झाला, गोंजारून झालं. नाही म्हणजे नाही.

आबांनाही वाईट वाटत होतं. पण ते म्हणाले, "संयू, मैदानाला न जाणारा बैल या चाराटंचाईत कसा सांभाळायचा? विट्याकडचं गिऱ्हाईक आयतवारी येतंय. ते चालवत नेत्याल."

"आयतवारपत्तोर थांबा, आबा," एवढंच ती म्हणाली. मग माझ्या केबिनमध्ये बसून खूप रडली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन माधवनगरला गेली. सोबत धैर्यशील, मान खाली घातलेला. कंपनीचं जुनं शिकवणं परत घातलं असतं तर मी पुन्हा घाटात अडले असते. म्हणून अफताबनं नव्यानं मांडणी करायला घेतली. संयोगितानं हौद्यात चंद्र्याच्या वजनाची वाळूची पोती ठेवायला लावली आणि चपला काढून स्वतःही वर चढली.

"तुमी चालवा, अफताबभाई. मी मागं हुभी ऱ्हाते."

"आवं ताई, पडाल!"

"चंद्र्या पडला तवा त्याला कुणी इचारलं?"

तिनं हात पाठीमागं बांधले. बैलाला कुठं हात असतात धरायला? पहिल्या खेपेला ती बाजूच्या गजांवर आदळली. दुसऱ्या खेपेला मी आधी रेंगाळले आणि मग एकदम उसळले. तिचा गुडघा फुटला. धैर्यशील कळवळून म्हणाला, "आक्के, बास कर की!" ती उठून परत उभी राहिली.

अफताब पुन्हा लॅपटॉपवर वाकला. मला पुन्हा गुंगी आली. या वेळी स्वप्नात कृष्णेचं पाणी होतं, सांगलीच्या घाटाजवळचं, संथ. वाहतंय की थांबलंय, काही कळत नव्हतं. त्या पाण्यावर एक भरलेली नाव होती, आणि ते पाणी मीच होते.

तिसरी खेप. संयोगिता डोळे मिटून उभी. थोड्या वेळानं तिनं हाक दिली, "आवं, निघा की आता!"

"ताई, गिरणीचं फाटक मागं ऱ्हायलं!"

तिनं डोळे उघडले आणि ती खुदकन हसली. धैर्यशील कुरकुरला, "पर ही पळंना की गं!"

"पळायला चंद्र्या हाय. हिनं फकस्त न्यायचं."

रविवारी गिऱ्हाईक दोर घेऊनच आलं. चंद्र्या पुन्हा फाळक्याशी अडला. मग संयोगितानं त्याला ओढलंच नाही. ती स्वतः हौद्यात जाऊन उभी राहिली आणि धैर्यशीलला म्हणाली, "चालीव." चंद्र्याच्या डोळ्यांदेखत मी अंगणात फिरले, तिला घेऊन, अगदी अलगद. परत येऊन थांबले. चंद्र्यानं मान पुढं केली, तिचा फुटलेला गुडघा हुंगला. मग एक पाय वर ठेवला. माझे पाटे खाली बसले. बाई गं, काय सुख ते!

"थांबा जरा, पावणं," आबा गिऱ्हाइकाला म्हणाले. "घाट चढू द्या, मग बोलू." आणि ते स्वतः स्टिअरिंगवर बसले.

सगळ्यांत उभ्या वळणावर मी सगळा दम लावला. धक्का नाही, उसळी नाही. तेवढ्यात हौद्यातून सावकाश कर्र कर्र असा आवाज येऊ लागला. भ्यालेलं जनावर कधी असं करत नाही.

"आबा," संयोगिता मागून ओरडली, "त्यो रवंथ करतोय!"

आबांनी टॉवेलानं डोळे पुसले. "गिऱ्हाइकाला च्या पाजून लावून देऊ," ते म्हणाले.

मित्रांनो, तुम्हीही मोठे झाल्यावर गाड्या घ्याल, त्यांचा जोर वाढवाल. वाढवा की! पण आधी मागं कोण उभं असतं ते बघा, आणि जमलं तर घटकाभर त्याच्या जागी उभे राहा. आणि चढाला एखादी जुनी पिकअप पुढं सावकाश चाललेली दिसली, तर तिच्यामागं हॉर्न वाजवू नका. आत कुणीतरी निवांत रवंथ करत असेल.