काशीनाथमास्तरांची अर्धी धून

मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या पोटात एक अर्धी धून आहे आणि मित्रांनो, उरलेली अर्धी कुठे गेली, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

१९८९ साली भाईंदर पश्चिमेच्या बाजारातून काशीनाथमास्तरांनी मला नवघरच्या घरी आणले. तरुणपणी ते मुंबईच्या एका हॉटेलात जॅझ पियानो वाजवीत. दोन खोल्यांच्या घरात पियानो मावणार कुठे? म्हणून एका शाळेच्या पियानोवर, शिष्य परागला शेजारी बसवून, त्यांनी स्वतः रचलेली एकुलती एक धून माझ्यात भरली. कागदावर ती कधीच उतरली नव्हती.

माझ्या पाठीवर प्लास्टिकच्या दोन इवल्या खुंट्या असतात. त्या मोडल्या, की माझ्यावर दुसरे काही भरता येत नाही. परागने त्या मोडण्यासाठी पेन काढले, तोच मास्तरांनी त्याचा हात धरला.

"थांब. शेवट अजून लंगडतोय. पुन्हा भरू. नावही तेव्हाच लिहू."

परिपूर्णतेचा हा आग्रहच माझ्या मुळावर आला.

एका दुपारी अर्धी धून ऐकून, मला यंत्रात तशीच ठेवून, मास्तर भाजी आणायला गेले. त्यांचा मुलगा निहार मस्कतला नोकरीस होता आणि शेजारी त्याच दिवशी तिकडे निघाले होते. बोलके पत्र पाठवावे म्हणून सुगंधाबाईंनी, मास्तरांच्या पत्नीने, कोरी समजून माझ्यावरच बोलायला सुरुवात केली.

"निहार, बाळा, कुळथाचं पीठ पाठवतेय. बाबांचा खोकला कमी आहे, पण ऐकतात कुठे…"

बराच वेळ त्या बोलत राहिल्या. अखेर जिन्यातून मास्तरांची हाक आली, "सुगंधा, चहा टाक गं!" हसतच त्यांनी बटण दाबले. तोवर शेजारी निघून गेले होते. पत्र राहिले, मी कपाटात गेले आणि त्याच आठवड्यात मास्तर गेले.

सात वर्षांनी पराग आला. स्वतःचा पियानो, आत्मारामचा बास आणि साईराजचे ड्रम्स अशा त्रिकुटाचा अल्बम तो गुरूंच्या स्मरणार्थ काढीत होता. अखेरीस हीच धून हवी होती. त्याने मला लावले. पियानो रंगात आला आणि मध्येच उमटले, "निहार, बाळा…"

सुगंधाबाईंनी स्वतःचाच आवाज ओळखला. "अरे देवा! मीच पुसलं रे त्यांना."

"काकू, शेवट मला आता आठवत नाही. मी रचतो. कोणाला कळणारे?"

"मला कळेल. त्यांच्या नावावर तुझे सूर खपवतोस? टपली मारली असती त्यांनी!"

"मग सोडून देऊ धून?"

"अर्धी आहे ना? अर्धीच वाजव."

परागने तसेच केले. धून तुटते तिथे त्याने पियानोवरून हात उचलले. बास आणि ड्रम्स मात्र लय धरून चालत राहिले, जणू कोणासाठी जागा राखून ठेवली असावी.

अल्बम तयार झाल्यावर सुगंधाबाईंनी तो डोळे मिटून ऐकला. पियानो थांबला. त्या रिकाम्या लयीत त्या हलकेच म्हणाल्या,

"टाकते हं चहा."

मग अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी माझ्या दोन्ही खुंट्या मोडल्या आणि माझ्या नावाच्या कोऱ्या पट्टीवर मास्तरांचे नाव लिहिले. अर्धी धून, पत्र आणि जिन्यातली ती हाक, सारे आता माझ्यात सुरक्षित आहे.

मित्रांनो, आवडते ते निर्दोष होईपर्यंत थांबू नका. आजच त्यावर नाव घाला आणि त्याच्या खुंट्या मोडा.