गुलाबाचा वास

काकांची जुनी गाडी सुरू होत नव्हती; स्पार्क होता, पण मरतुकडा, पिवळट. दर रविवारी हीच बोंब. काकांनी प्लग बदलले, कॉइल बदलली आणि सगळे उपाय थकल्यावर मला बोलावलं. सख्खी पुतणी मेकॅनिक असताना हा माणूस आधी शेजाऱ्यांना विचारतो, याचा मला रागच आहे.

मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतले पॉइंट तेलाने माखलेले होते. बोटावर घेऊन हुंगलं, तर गुलाबाचा वास. इंजिनाला गुलाबाचा वास येत नाही, एवढं मला कळतं. मान वर केली. दारात काकू चहा घेऊन उभी होती, केस चापूनचोपून बसवलेले.

“रविवारी जायचं कुठे असतं?” मी काकांना विचारलं.

“तुझ्या आत्याकडे. हिला करमत नाही ना तिच्याशिवाय.”

काकूने छताकडे पाहिलं.

मी पॉइंट पुसले. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि काका खुशीत चक्कर मारायला गेले.

आत्याला मीही चांगली ओळखते. चहाचा घोट घेऊन म्हटलं, “काकू, पुढच्या वेळी तेल नको, वास येतो. पॉइंटशेजारची कंडेन्सरची वायर जरा सैल कर.”