म्हातारा कुत्रा आणि रिकामं घर

एव्हारिस्त मोर्निये पॅरिसहून गावी परतले, तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून होती. पॅरिसमध्ये ते एका सरदारीणबाईंच्या ग्रंथालयात नोकरीला होते. प्राण्यांच्या गोष्टी ते पद्यात लिहीत, आणि मोठमोठ्या घरांतून जेवणानंतर त्या वाचून दाखवत. बाई वारल्या, लोकांची आवडही बदलली. मोर्नियेंनी गाशा गुंडाळला आणि लुआर नदीकाठच्या आमच्या गावात, आईवडिलांच्या घरी येऊन राहिले. लग्न त्यांनी केलंच नव्हतं.

गावात त्यांचा जिवलग एकच, डॉक्टर कुर्सेल. दोघं एका बाकावर शिकलेले. डॉक्टरांची बायको ओदील तापानं गेली होती. तेव्हापासून डॉक्टर रोग्यांखेरीज कुणाशी फारसं बोलत नसत. मोर्निये मात्र दर संध्याकाळी त्यांच्याकडे जात. आमच्या खिडकीखालून जाताना ते नेहमी टोपी काढत आणि म्हणत, "येतो हं, पेलाजीबाई. त्या अस्वलाला माणसात आणून येतो."

मग त्यांचं पुस्तक छापून आलं आणि गावात एकच धमाल उडाली. लोक भाकरीच्या भट्टीपाशी, धुण्याच्या घाटावर त्यातल्या गोष्टी वाचून हसू लागले. पिसारा फुलवून गटारात पडलेला टर्की म्हणजे आमचे मेयर गोबेरसाहेब, हे सांगावं लागलं नाही. उपासाला मांस चालत नाही, म्हणून बदकालाच 'मासा' म्हणणारा बगळा म्हणजे आमचे पाद्रीसाहेब, तेही सगळ्यांनी ओळखलं. पण दुसऱ्याला हसून झाल्यावर जो तो स्वतःला शोधू लागला. भट्टीवाल्याच्या बायकोला त्यातली बडबडी साळुंकी आपणच वाटली. महिन्याभरात मोर्नियेंना कुणी जेवायला बोलावेना.

त्यांना त्याचं फार वाटलं नाही. "टर्की रुसला, तर रुसू दे," ते मला म्हणाले. "अंडी दुसरीकडे मिळतील."

पण एका संध्याकाळी ते लवकर परत आले. टोपी काढली नाही, बोललेही नाहीत. काय झालं ते मला डॉक्टरांच्या स्वयंपाकीणबाईंकडून, झेलीकडून कळलं.

पुस्तकात एका म्हाताऱ्या कुत्र्याची गोष्ट होती. घरधनी मरून गेला, तरी तो दारात बसून रोज भुंकतो, वाटसरूंना वाटावं की घरात माणसं आहेत. गावानं ती वाचली, हळहळलं आणि पुढचं पान उलटलं. पण कुर्सेल डॉक्टर रोज रात्री टेबलावर दोन ताटं मांडत आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला दिवसभराचं सांगत. हे झेलीला आणि मोर्नियेंनाच ठाऊक होतं.

"तुला दुसरं जनावर मिळालं नाही?" डॉक्टर ओरडले होते.

"अरे, कुणाला कळणार आहे? आणि मी हसलोय का त्यात? नीट वाच तरी!"

"मला कळलं ना! माझ्या घरातलं दुःख तू छापून बाजारात विकलंस. ओदील तुला भाऊ म्हणायची रे."

मोर्निये काही तरी बोलायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः उठून दार उघडलं आणि ते बाहेर जाईपर्यंत धरून ठेवलं.

त्यानंतर वर्षं गेली. मोर्नियेंनी दोन वेळा चिठ्ठी पाठवली, ती न फोडता परत आली. नव्या वर्षाच्या दिवशी ते डॉक्टरांच्या दारात उभे राहिले. आतून झेली रडवेल्या तोंडानं आली आणि "साहेब घरी नाहीत" म्हणाली. वरच्या खिडकीत डॉक्टर दिसत होते. रस्त्यात गाठ पडली की डॉक्टर पलीकडे जात. मग मोर्नियेच आधी रस्ता ओलांडू लागले, त्यांना त्रास नको म्हणून.

भिंतीपलीकडून मला पूर्वी त्यांचा आवाज यायचा, ओळी म्हणून बघण्याचा. तो थांबला. दिवसदिवस खुर्ची सरकल्याचाही आवाज येईना, आणि मी उगाच काहीतरी निमित्त काढून दार ठोठावायचे.

अशात शहरातल्या साहित्य सभेनं त्यांना सभासद करायचं मनावर घेतलं. तिथे गोष्ट वाचायची, मग मतं पडायची. माझ्या नवऱ्याचं शहरात काम होतं, म्हणून आम्हीही गेलो. मोर्निये उठले, तसे मागून लोक म्हणाले, "कुत्र्याची! कुत्र्याची वाचा!"

मोर्नियेंनी पुस्तक मिटलं. "ती गोष्ट माझी नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याची होती. न विचारता घेतली होती."

सभेत कुजबुज झाली. लोकांना वाटलं, यांनी कुणाची तरी कविता चोरली. मोर्नियेंनी खुलासा केला नाही. त्यांनी गोगलगाईची एक बेताची गोष्ट वाचली आणि सभासद दुसराच कुणी झाला. परतीच्या गाडीत मी म्हणाले, "अहो, खरं काय ते सांगायचं तरी!"

"खरं सांगायचं म्हणजे पुन्हा त्याचंच घर उघडं करायचं, बाई."

ही हकीकत मी झेलीला सांगितली आणि तिनं डॉक्टरांना. हिवाळा सरता सरता डॉक्टर छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले, आणि एका दुपारी झेली धावत मोर्नियेंकडे आली. "बोलावलंय. चला, त्यांचं मन पालटायच्या आत!"

मी सोबत गेले. डॉक्टर खूप वाळले होते.

"म्हण," ते म्हणाले.

"काय म्हणू?"

"सोंग नको करूस. कुत्र्याची."

मोर्निये उभ्यानंच म्हणू लागले:

"गेला मालक, दार मोकळे, आत कुणी ना उरले,
म्हातारा तो भुंकत राही, घर जणु सारे भरले."

पुढे जाता जाता ते अडले. इतकी वर्षं ती ओठांवर आणली नव्हती. मग उशीवरून डॉक्टरांचाच आवाज आला, दमलेला, पण न चुकता:

"हातामधला दगड, प्रवाशा, टाकुन देई खाली,
भरले घर तो राखत आहे, रात जरी ही झाली."

"तुला पाठ आहे?" मोर्नियेंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. गाढवा, चांगली होती म्हणून तर राग आला." ते बराच वेळ खोकले. "उद्या ये. वाचायला नको. नुसता ये."

मोर्निये रोज जाऊ लागले. डॉक्टर बहुधा झोपलेलेच असत. हे खिडकीशी बसत, शेगडीत लाकूड सरकवत. सफरचंदाची झाडं फुलली, त्या आठवड्यात डॉक्टर गेले.

दफनानंतर लोक मोर्नियेंशी बोलायला आले, मेयरसाहेबसुद्धा. मोर्नियेंनी सगळ्यांशी हात मिळवला. पण बोलायची सवयच मोडली होती, त्यामुळे प्रत्येक वेळी बोलणं हवापाण्यावर येऊन थांबे.

पुढे मी त्यांना रविवारी आमच्याकडे बोलवायचे. ते येत, कांद्याचं सार पीत, माझ्या मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत. मुलं गोष्ट मागत, तर म्हणत, "आईला माझ्यापेक्षा जास्त येतात." मग दिवे लागायच्या आत उठत. आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत चार पावलं, पण मी ते आत जाईपर्यंत उंबऱ्यात उभी राहायचे.