एझ्रा क्लेग यांची सही

मित्रांनो, हॅगथॉर्पच्या नगरभवनातली मी एक जुनी, पत्र्याची मतपेटी. निवडणूक नसते तेव्हा माझ्यात ट्युलिपचे कंद ठेवतात. कंद वाद घालत नाहीत, पण त्यांच्यामुळे कुणी निवडूनही येत नाही.

युद्ध संपून चार वर्षं झाली होती. आमचे खासदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. एकीकडे मेजर फॅनशॉ, दुसरीकडे खाणकामगारांना लिहायला शिकवणाऱ्या नोरा एल्सवर्थबाई. बाईंना खाणीपाशी दवाखाना हवा होता. जखमी माणसाला अकरा मैल कोळशाच्या लॉरीतून न्यावं लागे.

मतदानाच्या सकाळी रिवाजाप्रमाणे मला उघडून, रिकामी असल्याचं हवालदाराला दाखवलं. तो बराच वेळ आत बघत राहिला. मग माझ्या कुलपाला लाखेची मोहोर लावली.

दुपारी एझ्रा क्लेग आले. एकसष्ट वर्षांचे खाणकामगार, बाईंचे सगळ्यांत वयस्कर विद्यार्थी. बाईंच्या नावापुढे त्यांनी मताची फुली मारली आणि थबकले. लिहिता येत नव्हतं तोवर ते जन्मभर सहीच्या जागी फुलीच मारत आले होते.

"आता फुलीचे दिवस गेले," ते पुटपुटले आणि खाली वळणदार सही केली.

दुसऱ्या दिवशी मोजणीत निवडणूक अधिकारी पिकर्सगिल म्हणाले, "मत कुणी दिलं ते कळतंय, गुप्त राहिलं नाही. बाद."

"अहो, फुली स्पष्ट आहे की," बाईंचा प्रतिनिधी म्हणाला.

"फुली स्पष्ट आहे, एझ्राही स्पष्ट आहे. तीच तर अडचण आहे."

बाईंनी ते अक्षर ओळखलं.

मतं दोनदा मोजली. मेजर एका मताने जिंकले. एझ्रांचं मत धरलं असतं तर बरोबरी झाली असती, आणि कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकून खासदार ठरला असता.

मला बाहेर नेत होते तेव्हा एझ्रा पायऱ्यांवर उभे होते. "बाई, एका मताने गेलं म्हणे. माझं तुम्हालाच होतं. सहीनिशी."

प्रतिनिधीने तोंड उघडलं. बाईंनी त्याच्या बुटावर पाय ठेवला.

"वाचता आलं का त्यांना?" एझ्रांनी विचारलं.

"पहिल्या झटक्यात," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना."

पुढच्या हिवाळ्यात खाणीत एझ्रांच्या पायावर दरड कोसळली. अकरा मैल लॉरीतूनच नेलं. पाय काढावा लागला. शस्त्रक्रियेच्या संमतीच्या कागदावर त्यांनी फार सुरेख सही केली, असं ऐकलं.

मित्रांनो, मला रंग लावू नका, पुसूही नका. फक्त मतदानाला जाताना शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला भिंतीवरची 'मतपत्रिकेवर सही करू नये' ही सूचना वाचून दाखवा. त्या दिवशी ती माझ्या डोक्यावरच लावली होती, आणि मला बोलता येत नव्हतं.