मागचं दार

किल्ली कुलपात अर्धी गेली आणि तिथेच अडली. मी ती बाहेर काढली, हातमोज्यावर पुसली, पुन्हा घातली. तेवढीच गेली.

चर्चच्या पायऱ्यांपाशी काळ्या कोटांतली सहा माणसं खांदा द्यायला उभी होती. पारा उणे एकतीसवर. आत सगळं गाव बसलेलं, आणि माझ्या शववाहिकेच्या मागच्या बंद दाराआड लेम्पीबाई.

"काय झालं रे, तौनो?" आर्मासने विचारलं. तो गावातली बस चालवतो; लेम्पीबाईंचा पुतण्या.

"कुलूप गोठलंय."

"काल गाडी धुतलीस की काय?"

मी किल्ली पुन्हा हातमोज्यावर घासली.

"या थंडीत? अरे, सत्तावीस वर्षं गाडी चालवतोयस की बैल हाकतोयस?"

कडाक्याच्या थंडीत गाडी धुवायची नाही, कुलपात पाणी राहून गोठतं, हे मलाही कळतं. पण लेम्पीबाई आमच्या गावची सुईण. माझी तिन्ही मुलं त्यांच्या हातावर झाली. मधली दोन दिवसांची होऊन गेली, तेव्हा तिला न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून बाईंनीच माझ्या हातात दिली होती. त्यांना सुकल्या चिखलाने बरबटलेल्या गाडीतून न्यायचं माझ्या जिवावर आलं.

बर्फ वितळवायचं बाटलीतलं औषध कुलपात मारून झालं होतं. पुढून मागे जायला वाट नाही, मध्ये जाड काच. कुणीतरी म्हणालं, किटलीभर उकळतं पाणी ओता. मी नको म्हटलं; दोन मिनिटांत त्याचाही बर्फ झाला असता. दोघांनी दार ओढून पाहिलं. घंटा थांबल्या. पाद्री डोकं बाहेर काढून म्हणाले, "दुसरी गाडी मागवायची का?"

"दुसरी आणून काय करता?" आर्मास म्हणाला. "काकू या गाडीत आहे."

तेवढ्यात कालेर्वो पायऱ्या उतरून आले. लेम्पीबाईंचे यजमान. वय चौऱ्याऐंशी, जन्म सगळा लाकडाच्या गिरणीत गेलेला.

"दार ओढू नका. कडेचं रबर फाटेल," ते म्हणाले. "किल्ली दे."

"तुम्ही आत बसा. आम्ही बघतोय ना."

"मघापासून बघतोच आहेस. दे इकडे."

त्यांनी उजव्या हातातला मोजा काढून खिशात घातला. आर्मासचा लायटर घेऊन किल्लीचं टोक ज्योतीवर धरलं, ती कुलपात घातली आणि नुसतेच उभे राहिले.

"फिरवा की," आर्मास म्हणाला.

"घाई केलीस तर मोडेल. बसू दे तिला जरा."

त्यांचे ओठ हलत होते. मनातल्या मनात आकडे मोजत असावेत. किल्ली काढली, तापवली, परत घातली. दर वेळी थोडी आत जात होती. तिसऱ्यांदा तापलेली किल्ली त्यांनी या बोटांतून त्या बोटांत घेतली.

"भाजतंय ना? मी धरतो," मी म्हटलं.

"भाजतं. धर म्हणजे तुलाही भाजेल."

"काका, हे शिकलात कुठे?" आर्मासने विचारलं.

"शिकायला कशाला जायचंय? हिला बोलावणं आलं की ही बॅग भरायची, मी अंगणात जाऊन गाडी उघडायचो. बाळंतपणं काय थंडी बघून येतात होय?"

चौथ्या वेळी किल्ली पूर्ण गेली. त्यांनी ती हलकेच फिरवली आणि आत खट् झालं. तरी त्यांनी दार ओढलं नाही. खांदा लावून ते आतल्या बाजूला दाबलं; वर, मध्ये, खाली. कडेचा बर्फ कडकडत फुटला. मग त्यांनी दार उघडलं आणि सहा जण पेटी बाहेर घेईपर्यंत ते धरून उभे राहिले.

प्रार्थना झाली, माती झाली, कॉफी झाली. तिनाच्या सुमारास अंधारून आलं तेव्हा मी कालेर्वोंना घरी सोडायला निघालो. मागे बसायला जागा नसते, म्हणून ते माझ्या शेजारी बसले. वाटेत मी म्हणालो, "चूक माझीच. मी गाडी धुतली."

"दिसलं मला," ते म्हणाले. "स्वच्छ होती."

त्यांच्या अंगणात एक निळी गाडी काचांपर्यंत बर्फात रुतली होती.

"ही आता तुम्ही वापरणार?"

"मी? मला चालवता येत नाही."

"कधीच नाही?"

"ती चालवायची ना."

ते उतरले. मी गाडी वळवून रस्त्याला लागलो. आरशात पाहिलं, तर ते घरात गेले नव्हते. दाराच्या दिव्याखाली पायरीशी वाकून त्यांनी मूठभर बर्फ उचलला, उजव्या हाताच्या बोटांवर दाबून धरला आणि तसेच रस्त्याकडे बघत राहिले. वळणावर झाडं आड येईपर्यंत ते तिथेच उभे होते.