नाल्यावरचा देव

नीलाबाईनं टोपली कमरेवर घेतली, फाटकाबाहेर दोन पावलं टाकली आणि चुलीत विस्तव राहिला नाही ना, ते पाहायला परत आली. सकाळपासून तिचं असंच चाललं होतं. चूल झाली की शेळीचं दावं, दावं झालं की पुन्हा चूल. थोरली जाऊ कमळा बायकांबरोबर केव्हाच मोहफुलं वेचायला निघून गेली होती. जाताना फाटकातून ओरडली होती,

“येतं का व नीला? औंदाही नाई आली त तुह्या झाडाखाली दुसरे वेचतीन. मंग रडू नको.”

“तुमी व्हा म्होरं. येतो मी मागून.”

कमळाचं बोलणं खोटं नव्हतं. जंगलातला कोणता मोह कोणाचा, हे गावात पिढ्यान् पिढ्या ठरलेलं होतं. त्याला कागदपत्र नव्हतं. जो दरवर्षी वेचतो, त्याचं झाड. मागचा हंगाम नीलाबाईनं घरात बसून काढला, तेव्हा कोणी काही बोललं नाही. पण लोकांची दया तरी किती दिवस पुरणार? आणि हे झाड गेलं की जंगलात पाऊल टाकायचं कारणच संपलं. मग उरलेला जन्म या अंगणातच जायचा, हे तिला पक्कं कळत होतं.

झाडाकडे जाणारी वाट नाल्यावरून होती. त्या नाल्यातच तिच्या नवऱ्याला वाघानं धरलं होतं.

मोठ्या आवाजाचा माणूस. शेळीला हाक मारायचा ती साऱ्या गावाला जाग येईल अशी. त्या दिवशीची त्याची हाकही शेतातल्या दोघांनी ऐकली होती. शेळ्यांवर ओरडत असेल नेहमीसारखा, असं समजून ते बांधावर भाकर खात राहिले. नीलाबाईनं त्यांना कधी बोल लावला नाही; तीही तसंच समजली असती. पण देवाला तरी कळायला हवं होतं ना! तेव्हापासून तिनं देवाशी अबोला धरला. भांडली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. दिवा लावणं तेवढं सोडलं, आणि ‘देवाची मर्जी’ म्हणत येणाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

शेवटी तिनं वनखात्यानं वाटलेला मुखवटा डोक्यामागे बांधला. वाघ पाठीमागून येतो, म्हणून मागेही एक तोंड. त्या रबरी तोंडाला चांगल्या झुपकेदार मिशा होत्या. जीव मुठीत धरून ती निघाली.

नाला कोरडा होता. जिथं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तिथंच नजर गेली. तिथं कमरेएवढा गोट्यांचा ढीग होता. वर हिरव्या डहाळ्या, शेंदराचे ठिपके. एक म्हातारी वाकून आणखी एक गोटा ठेवत होती. गावात नीलाबाईसमोर नाल्याचं नावही कोणी काढत नसे, त्यामुळे यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती मान खाली घालून पुढे जाऊ लागली.

“थांब व बाई. तशीच नोको जाऊ. गोटा ठेव देवाले,” म्हातारी म्हणाली. “मी बुधरी, वरच्या वस्तीची, टोल्यावरची. लेकीकडे चालली.”

“कोणता देव?”

“इथला. पहिले माणूस होता. वाघानं खाल्लं त्याले.”

नीलाबाईनं टोपली घट्ट धरली.

“ज्याले सोताले वाचवता नाई आलं, तो दुसऱ्याले काय राखंन?”

तिचा आवाज चांगलाच चिरका लागला होता. बुधरीला मात्र राग आला नाही.

“तोच राखते. लय हाका देल्या म्हणते त्यानं, कोणी नाई आलं. एकटं असणं काय असते, त्याले ठाव आहे. म्हणून आता जो एकटा जाते, त्याच्यासंगं तो चालते. वरच्या देवाले काय मालूम भेव काय असते? याले मालूम आहे.”

नीलाबाई ढिगाकडे पाहत राहिली. पांढरे गोटे, काळे गोटे, कुठून तरी आणलेला विटेचा तुकडा. एवढे लोक इथं थांबले होते. आणि ज्याच्यासाठी थांबले, त्याला घरच्या तीन शेळ्या राखता येत नव्हत्या! फाटक उघडं टाकून गावभर हिंडायचा, आणि शेळ्या शेजाऱ्यांची वांगी फस्त करायच्या. आता म्हणे जंगल राखतो. तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि ते तिनं पुसले नाहीत.

“तू याच गावची ना व?” बुधरीनं विचारलं. “त्याचं नाव मालूम आहे का? आमी नुसतं बाबा म्हणतो. नाव घेऊन बोलावलं त लवकर आयकते.”

नाव तिनं एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात दडवून. नंतर जन्मभर ‘अहो’, नाही तर लेकीच्या नावानं ‘करिष्माचे बाबा’, आणि फारच चिडली तर ‘आयकू येते का?’ पंचनाम्याच्या वेळी नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हासुद्धा ते सांगायला तिनं दिराकडे बोट दाखवलं होतं.

“गुणवंत,” ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, “गुणवंत.”

बुधरीनं ढिगापुढे हात जोडले.

“गुणवंतबाबा, हे बाई एकटी आहे. हिच्यासंगं जा. झाडापर्यंत पोचव, अन् वापस घरी आणून सोड.”

“अन् तुमच्यासंगं?”

“देव आहे व तो,” म्हातारी हसली. “दोघींसंगं जाते.”

नीलाबाईनं नाल्यातला एक गोटा निवडला आणि इतरांच्या शेजारी ठेवला. मग चढ चढून ती वाटेला लागली. पुढे कुठंतरी बायकांचे आवाज येत होते. वाट जेमतेम एका माणसापुरती होती. काट्यांत पदर अडकत होता, तरी नीलाबाई अगदी कडेकडेनं चालत होती, बाकीची वाट मोकळी सोडून.